लेह ते पोर्ट ब्लेअर : हवाई अंतर किती आणि प्रवासाचा वेळ किती धरावा?

खानापूरकर

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ सैन्यात असून त्याची बदली लेहहून अंदमानात झाली आहे. सामानाची व्यवस्था पलटणीकडून होईल, पण प्रवासाचे वेळापत्रक त्याला स्वतःच ठरवायचे आहे आणि घरातील जाणता म्हणून ते काम त्याने माझ्यावर सोपवले आहे. मी संगणकावर बसून दोन विमानतळांमधील अंतर शोधले. एका ठिकाणी २,९३७ किलोमीटर आणि ४ तास १० मिनिटे असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणी अंतर जवळपास तेवढेच, परंतु वेळ साडेतीन तास दाखवला. तिकीट काढण्याच्या पानावर गेलो, तर तोच प्रवास एका रात्रीच्या मुक्कामासह बावीस-चोवीस तासांचा दिसू लागला. चार तास आणि चोवीस तास यांत एवढी तफावत का पडावी, यांपैकी कोणता आकडा धरून चालावे, आणि सकाळी लेहहून निघालेला माणूस त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला पोहोचणे शक्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीचा गणितवाला

आपण पाहिलेले अंतर बरोबर आहे. मी कागदावर पुन्हा मोजून पाहिले. लेहचा विमानतळ साधारण ३४.१४ अंश उत्तर अक्षांश व ७७.५५ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर पोर्ट ब्लेअरचा ११.६४ अंश उत्तर व ९२.७३ अंश पूर्व येथे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असे मानून गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र लावले, की या दोन ठिकाणांमधील कोन २६.४ अंश येतो, आणि प्रत्येक अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर या हिशेबाने अंतर २,९४० किलोमीटरच्या आसपास भरते. नाविक मैलांत हे अंतर १,५८६ होते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे काही संकेतस्थळे लंबगोलाचे सूत्र वापरतात. त्यामुळे पाच-दहा किलोमीटरचा फरक पडतो, त्याची चिंता नको.

वेळेचा आकडा मात्र कोणत्याही वेळापत्रकातून आलेला नसतो. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढेच ते गणित आहे. २,९४० भागिले ८०० म्हणजे ३ तास ४० मिनिटे, अधिक अर्धा तास, झाले ४ तास १० मिनिटे. दुसऱ्या संकेतस्थळाने वेग थोडा जास्त धरला असेल आणि तो अर्धा तास मिळवलाच नसेल. त्या यंत्राला लेह कोणत्या डोंगरात आहे हे ठाऊक नसते आणि या दोन गावांमध्ये थेट विमान आहे की नाही हेही ते पाहत नाही. त्याला कोणतेही दोन बिंदू द्या, उत्तर येईलच.

सांबऱ्याजवळचा

गणितवाल्यांनी काढलेली सरळ रेषा नकाशावर ठेवून पाहिली, तर ती रेषा प्रत्यक्षात का उडता येत नाही हे ध्यानात येते. लेहहून ही रेषा आग्नेयेकडे निघते आणि थोड्याच वेळात तिबेटच्या कोपऱ्यावर जाते. तेथून उत्तराखंडाचा पूर्व भाग आणि नेपाळचा पश्चिम भाग ओलांडून ती उत्तर प्रदेशात उतरते, रांचीच्या थोडी आग्नेयेला तिचा मध्यबिंदू पडतो, आणि ओडिशात बालेश्वरजवळ ती समुद्रावर जाते. पहिल्या तुकड्यात चीनच्या ताब्यातील आकाश आणि हिमालयाची मुख्य रांग आहे, त्यामुळे भारतीय प्रवासी विमान तिकडून जाण्याचा प्रश्नच येत नाही. शेवटच्या तुकड्यात बालेश्वरलगत चांदीपूरचे क्षेपणास्त्र चाचणी केंद्र आहे, आणि चाचणीच्या दिवशी बंगालच्या उपसागरावरील आकाशाचा मोठा पट्टा विमानांसाठी बंद ठेवला जातो.

तरीही येथे एक गंमत आहे. दिल्लीमार्गे गेल्यास लेह-दिल्ली ६२० आणि दिल्ली-पोर्ट ब्लेअर सुमारे २,४८५, म्हणजे एकूण ३,१०५ किलोमीटर होतात. सरळ रेषेपेक्षा हे केवळ १७० किलोमीटर जास्त आहे, म्हणजे शेकडा सहासुद्धा नाही. तेव्हा आपले चोवीस तास वाटेच्या वळणामुळे झालेले नाहीत. हवेतला प्रत्यक्ष वेळ पाहा : लेह-दिल्ली सव्वा ते दीड तास, आणि दिल्लीहून थेट विमान मिळाले तर पावणेचार तासांच्या आसपास. दोन्ही मिळून पाच तास. उरलेले सगळे तास जमिनीवर बसून जातात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिकिटावर छापलेला वेळ हा विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. आपल्या सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान धावपट्टीच्या टोकाशी जायला फारसा वेळ लागत नाही, पण दिल्लीसारख्या ठिकाणी नुसते जमिनीवर फिरण्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, आणि ती छापील वेळेत धरलेली असतात.

चिकोडीचा वाचक

मग लेहहून दुपारचे विमान पकडून संध्याकाळी दिल्ली आणि रात्री पोर्ट ब्लेअर, असे का करता येऊ नये? मुंबईहून रात्री बारा वाजतासुद्धा विमाने सुटतात.

निवृत्त सुभेदार, बेळगाव कॅम्प

चिकोडीच्या मित्रांनी मुंबईचा दाखला दिला आहे, परंतु लेहला आणि पोर्ट ब्लेअरला मुंबईचा न्याय लागत नाही. माझी सेवा या दोन्ही ठिकाणी झालेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवर, म्हणजे ३,२५६ मीटरवर आहे. आपला सांबरा सुमारे २,४९० फुटांवर आहे, यावरून कल्पना यावी. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच्या जवळपास असतो. विमानाचे पंख हवेवर तोललेले असतात आणि इंजिनही हवेवरच चालते, त्यामुळे हवा विरळ झाली की दोन्हींची ताकद घटते, जमीन सोडण्यासाठी अधिक वेग लागतो आणि त्यासाठी अधिक लांब धावावे लागते. सकाळी गारठा असतो, तेव्हा हवा त्यातल्या त्यात दाट असते. उन्हाळ्यात दुपारी पारा २५ अंशांवर गेला, की तीच हवा चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर असावी तितकी पातळ होते. अशा वेळी पूर्ण भरलेले विमान उचलायचे, तर प्रवासी किंवा सामान खाली उतरवावे लागते.

त्यात दुपारी खोऱ्यातून वारा सुटतो. चारही बाजूंना डोंगर असल्याने तेथे विमाने साधारणपणे पश्चिमेच्या बाजूने येऊन उतरतात आणि पुन्हा पश्चिमेकडेच उडून जातात. दुपारचा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीमागून येतो, आणि विरळ हवेत आधीच वेगाने उतरणाऱ्या विमानाला पाठीवरचा वारा परवडत नाही. म्हणूनच नागरी विमानांची वर्दळ पहाटेपासून दुपारच्या आत आटोपते. सकाळी ढग बसले, तर दिल्लीहून आलेले विमान घिरट्या घालून परत जाते आणि त्या दिवशीची आशा बहुतेक वेळा तेथेच संपते. हा विमानतळ हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे लष्करी विमानांच्या वेळा सांभाळूनच नागरी विमानांना वेळ दिली जाते.

पोर्ट ब्लेअरला उंची नाही, पण चहूकडे समुद्र आहे, आणि त्याचे परिणाम वेगळे आहेत. तो विमानतळ नौदलाच्या उत्क्रोश तळावर आहे. नागरी विमानांची ये-जा वर्षानुवर्षे दिवसाउजेडी, त्यातही सकाळपासून दुपारपर्यंतच होत आली आहे. तेथे पाऊस मे महिन्यात सुरू होतो तो नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे घेऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लांबतो. हुबळीला ढग असले तर विमान बेळगावला किंवा गोव्याला उतरवता येते. पोर्ट ब्लेअरला उतरता आले नाही, तर प्रवासी विमानाला जवळचा भरवशाचा आसरा म्हणजे चेन्नई किंवा कोलकाता, दोन्ही तेराशे-चौदाशे किलोमीटरवर. त्यामुळे परत जाण्यापुरते इंधन अंगावर घेऊनच तिकडे जावे लागते, आणि हवामान बिघडले की विमान खरोखरच अर्ध्या वाटेवरून किंवा बेटांच्या डोक्यावरून माघारी फिरते. माझ्याबरोबरच्या काही जवानांनी सकाळी चेन्नई सोडून दुपारी पुन्हा चेन्नईतच जेवण केलेले आहे.

तात्पर्य, लेहचे दार सकाळी उघडते आणि पोर्ट ब्लेअरचे दार दुपारी लागते. मध्ये पाच तासांचे उड्डाण आहे, आणि दिल्लीत उतरून, सामान घेऊन, पुन्हा तपासणीतून जाण्यासाठी दोन-तीन तास हवेत. कागदावर हे जेमतेम बसते, पण प्रत्यक्षात दिल्लीहून सुटणारे विमान आपल्या आगमनाची वाट पाहत नाही.

निपाणीचा गणितवाला

सुभेदारसाहेबांच्या म्हणण्याला रेखांशांचाही दुजोरा आहे. दोन्ही ठिकाणची घड्याळे एकच भारतीय प्रमाणवेळ दाखवतात, परंतु रेखांशांत १५.२ अंशांचा फरक आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली, तर पोर्ट ब्लेअरचा सूर्य लेहच्या सूर्यापेक्षा सुमारे एक तास पुढे चालतो. डिसेंबरात तिकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या माणसाचा उजेडाचा एक तास घड्याळाला न कळता वाटेतच खर्च होतो.

येळ्ळूरची वाचक

चर्चा वाचत आहे. एक शंका आहे. माझे यजमान कामानिमित्त दिल्लीहून पूर्वेकडे जातात, तेव्हा जाताना वेळ कमी आणि येताना जास्त लागतो, असे नेहमी सांगतात. या मार्गावरही तसे होते का? भाऊ सुटीवर परत येतील तेव्हा उपयोगी पडेल.

सांबऱ्याजवळचा

होय ताई, होते, विशेषतः हिवाळ्यात. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर भारतावर, साधारण २५ ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार वेगाने वारा वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नवलाचे नाही. प्रवासी विमाने याच उंचीवर उडतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ८३० किलोमीटरच्या घरात असला, तरी जमिनीच्या हिशेबात जाताना त्यात वारा मिळवावा लागतो आणि येताना वजा करावा लागतो. दिल्ली-पोर्ट ब्लेअर मार्गाचा पहिला भागच या पट्ट्यातून जातो, दक्षिणेकडे आल्यावर वारा मंदावतो. त्यामुळे फरक तासाच्या आतच राहतो, पण तो राहतो. पावसाळ्यात हा वारा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, तेव्हा जाण्या-येण्याच्या वेळा बऱ्याच जवळ येतात. अंतर शोधणाऱ्या संकेतस्थळावर मात्र जाणे आणि येणे नेहमी सारख्याच वेळेचे दिसेल, कारण त्या गणितात वाऱ्याला जागाच नाही.

खानापूरकर

सर्वांचे आभार. म्हणजे दिल्लीत मुक्काम करावाच लागणार असे दिसते. आता घरात दुसरा विचार सुरू झाला आहे. आईचे म्हणणे असे, की मुक्कामच करायचा तर तो दिल्लीत कशाला, चार दिवस रजा टाकून बेळगावजवळ खानापूरला घरी येऊन मग पुढे जावे. हा वळसा किती मोठा पडेल?

निपाणीचा गणितवाला

मातोश्रींनी विचारलेला प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे, असे मला वाटते. मी सांबऱ्याचे अक्षांश-रेखांश घेऊन दोन्ही अंतरे मोजली, आणि उत्तर पाहून मीच थोडा थबकलो. सांबरा ते लेह सुमारे २,०५० किलोमीटर आणि सांबरा ते पोर्ट ब्लेअर सुमारे २,०१० किलोमीटर. एक टोक हिमालयापलीकडे, दुसरे बंगालच्या उपसागरात, आणि बेळगाव दोहोंपासून जवळपास सारख्याच अंतरावर. नकाशावर तिन्ही बिंदू जोडले, तर समद्विभुज म्हणावा असाच त्रिकोण होतो.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. लेहहून बेळगावकडे काढलेल्या रेषेवर दिल्ली जवळजवळ वाटेतच येते. लेह-दिल्ली ६२० आणि दिल्ली-सांबरा १,४३५ मिळून २,०५५ होतात, म्हणजे सरळ अंतरापेक्षा जेमतेम काही किलोमीटर अधिक. पुढे सांबरा-बेंगळुरू ४४५ आणि बेंगळुरू-पोर्ट ब्लेअर १,६४० मिळून २,०८५. एकूण प्रवास ४,१४० किलोमीटरचा झाला. दिल्लीमार्गे थेट गेल्यास ३,१०५ होते. घरी येऊन जाण्याची किंमत एक हजार पस्तीस किलोमीटर, म्हणजे हवेतले दीड-पावणेदोन तास एवढीच आहे.

चिकोडीचा वाचक

गणितवाल्यांचा त्रिकोण सुंदर आहे, पण त्यावर बसून कोणी उडत नाही. सांबऱ्याहून लेहलाही विमान नाही आणि पोर्ट ब्लेअरलाही नाही. सारख्या अंतरावर असणे आणि सारखेच गैरसोयीचे असणे यांत मला तरी फरक दिसत नाही. शिवाय सांबऱ्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आज असलेले विमान पुढच्या वेळापत्रकात असेलच याची खात्री कोण देणार? आमच्या चिकोडी-निपाणी भागातील पुष्कळ लोक याच कारणाने कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्याचा रस्ता धरतात.

सांबऱ्याजवळचा

चिकोडीकरांचा आक्षेप अर्धा मान्य आहे. २०१७ साली नवी इमारत झाली आणि त्यानंतर उडान योजनेखाली सांबऱ्याहून अनेक शहरे जोडली गेली, पण त्यांपैकी काही मार्ग पुढे बंदही पडले. त्यामुळे सांबऱ्याचे तिकीट काढताना त्या हंगामाचे वेळापत्रक पाहणे आवश्यकच आहे. मात्र गोव्याचा मार्ग सुचवताना ते रस्त्याचा वेळ विसरत आहेत. सांबरा ते दाबोळी हे हवाई अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे, पण घाटातून जाणाऱ्याला त्यासाठी तीन तास लागतात, पावसाळ्यात अधिकच. मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पर्याय वाढले आहेत, पण घाट उतरावाच लागतो. खानापूरच्या माणसाला हुबळी अधिक सोपी, कारण राष्ट्रीय महामार्ग चांगला आहे आणि घाट नाही. माझ्या मते येताना दिल्ली-सांबरा थेट विमान मिळाले तर ते घ्यावे, आणि जाताना सांबरा किंवा हुबळीहून आदल्या दिवशीच बेंगळुरू गाठावे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव कॅम्प

आदल्या दिवशी, हे शब्द अधोरेखित करावेत. अशा प्रवासाचे नियोजन नेहमी शेवटच्या टोकाकडून उलटे करावे. पोर्ट ब्लेअरचे विमान बहुधा सकाळी लवकर सुटते, तेव्हा आधी ते निश्चित करावे, मग त्याच्या आदल्या रात्री बेंगळुरू किंवा चेन्नई गाठणारे विमान वा रेल्वे पाहावी, आणि रजेचे दिवस त्यानंतर मोजावेत. लेहच्या बाजूला किमान एक दिवस मोकळा ठेवावा, कारण हिवाळ्यात लेहला हिमवृष्टी आणि दिल्लीला धुके अशी दोन्ही संकटे एकाच आठवड्यात येऊ शकतात. रस्त्याचा पर्याय त्या दिवसांत धरू नये. श्रीनगरकडच्या रस्त्यावरची झोजी ला खिंड बर्फाने केव्हाही बंद पडू शकते आणि मनालीकडचा रस्ताही.

दुसरे असे, की दोन विमाने वेगवेगळ्या तिकिटांवर काढली आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. माझ्या ओळखीच्या एका हवालदाराने स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली होती. पहिले विमान उशिरा आले, सामान पट्ट्यावर येईपर्यंत पुढचे विमान निघून गेले, आणि त्याला दुसऱ्या दिवशीचे तिकीट पूर्ण पैसे देऊन घ्यावे लागले. सलग प्रवास असेल तर एकाच तिकिटावर घ्यावा. मध्ये रजा असेल तर हा प्रश्नच राहत नाही, आणि म्हणून मातोश्रींची सूचना मला व्यवहार्यही वाटते.

येळ्ळूरची वाचक

एक लहानशी सूचना. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराचे नाव श्री विजयपुरम असे झाले आहे, त्यामुळे काही ठिकाणी जुन्या नावाने शोधल्यास ते सापडत नाही. विमानतळाचे संकेताक्षर मात्र आयएक्सझेड हेच आहे. लेहचे आयएक्सएल आणि बेळगावचे आयएक्सजी. तिन्हींची सुरुवात सारखी असल्यामुळे शेवटचे अक्षर नीट पाहूनच पैसे भरावेत. विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे, ते कायम आहे. अंदमानच्या काळकोठडीची आठवण म्हणून ते दिले गेले हे सर्वांना ठाऊक आहेच, पण १९५० साली सावरकरांना आपल्या बेळगावच्या कारागृहातही ठेवले होते, हे भावाला जरूर सांगा.

खानापूरकर

भावाशी फोनवर बोललो. पोर्ट ब्लेअरला हजर होण्याच्या तारखेपूर्वी दोन दिवस मोकळे ठेवून बेंगळुरूहून सकाळच्या थेट विमानाचे तिकीट आधी काढायचे, असे ठरले. आदल्या दुपारी तो हुबळीहून बेंगळुरूला जाईल. लेहहून पहिल्या सकाळच्या विमानाने दिल्ली आणि दिल्लीहून सांबरा हा भाग एकाच तिकिटावर मिळतो का हे पाहत आहे, न मिळाल्यास दिल्लीत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी तो बेळगावला येईल. लेहच्या विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा इतर मार्गांपेक्षा वेगळी असते का, एवढे एकच सुभेदारसाहेबांनी सांगावे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव कॅम्प

मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, ती तिकिटावर लिहिलेली असते. त्या विरळ हवेत विमानाचे वजन काटेकोर मोजले जात असल्यामुळे जादा सामान पैसे देऊनही घेतले जाईलच असे नाही, आणि घेतले तरी ते कधीकधी मागून येणाऱ्या विमानाने येते. जड पेटी पलटणीच्या सामानाबरोबर पाठवावी. हुकमाची प्रत, ओळखपत्र आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. कॅम्पमध्ये आलात तर भावाला घेऊन घरी या, अंदमानच्या राहण्याविषयी समोरासमोर सांगेन.